अमृतराव पेशवे आणि काडतुसाचे युग

काशीतील गंगेच्या पश्चिम तीरावर नारद घाट आणि खोरी घाट यांच्यामध्ये राजा घाट आहे. दगडी पायऱ्या, त्यावर उभी असलेली उंच भिंत आणि वाड्याचे बुरूज असे त्याचे रूप आहे. हा घाट पूर्वी अमृतराव घाट या नावानेही ओळखला जात असे. ज्यांच्या नावाने तो ओळखला गेला, ते अमृतराव रघुनाथ पेशवे मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वातील एक महत्त्वाचे पुरुष होते. पेशवाईची गादी त्यांना कधीच मिळाली नाही. मात्र ती दोन वेळा त्यांच्या हाताच्या अंतरावर आली आणि दोन्ही वेळा दूर गेली.

अमृतरावांच्या आयुष्याचा काळ म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा आणि कागदी काडतुसाचा काळ होय. पुण्याचे राज्य ज्या कवायती पलटणींच्या बळावर डळमळत राहिले, त्या पलटणींची खरी ताकद शिपायाच्या कमरेच्या तोसदानात होती. अमृतरावांच्या निधनानंतर ३३ वर्षांनी याच कागदी काडतुसाने उत्तर हिंदुस्थान पेटले आणि त्यात त्यांचे घराणेही होरपळले. म्हणूनच या दोन्ही कथा एकत्र पाहणे उद्बोधक ठरते.

दत्तक पुत्र

अमृतरावांचा जन्म भुस्कुटे घराण्यात झाला. रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांना त्या वेळी औरस पुत्र नव्हता. त्यामुळे त्यांनी अमृतरावांना दत्तक घेतले. पुढे १७७५ च्या जानेवारीत धार येथे आनंदीबाईंच्या पोटी बाजीरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर १७८४ साली चिमाजी आप्पांचा जन्म झाला. अमृतराव वयाने सर्वांत मोठे होते, परंतु औरस पुत्राच्या जन्मानंतर त्यांचे स्थान दुय्यम ठरले. कर्तबगारी थोरल्या भावाची आणि हक्क धाकट्याचा, ही विसंगती त्यांच्या साऱ्या आयुष्यावर पसरलेली दिसते.

रघुनाथरावांच्या घराण्याकडे पुणे दरबार संशयाने पाहत असे. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर रघुनाथरावांनी इंग्रजांचा आश्रय घेतला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध ओढवले. १७८३ च्या डिसेंबरात कोपरगाव येथे रघुनाथरावांचा अंत झाला. त्यांचे कुटुंब काही काळ नाशिकजवळच्या आनंदवल्ली येथे राहिले. नाना फडणविसांची या मुलांवर सक्त नजर होती. पुढे तिघाही भावांना जुन्नरजवळ शिवनेरी किल्ल्यावर नजरकैदेत ठेवण्यात आले. राज्यकारभाराचे पहिले धडे अमृतरावांनी या कैदेतूनच घेतले असे म्हणता येईल.

पलटणी आणि तोसदान

याच सुमारास मराठ्यांच्या युद्धतंत्रात मोठा बदल घडत होता. पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी कवायती पायदळाचे सामर्थ्य दाखवून दिले होते. १७८४ पासून महादजी शिंदे यांनी बेन्वा द ब्वान्य या सॅव्हॉयच्या सेनानीच्या साहाय्याने नवे कंपू उभारले. आग्रा येथे सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुकाही तयार होऊ लागल्या.

जुन्या तोड्याच्या बंदुकीत शिपायाला जळती वात सांभाळावी लागे. दारू शिंगातून किंवा लहान नळ्यांतून ओतावी लागे आणि तिचे प्रमाण अंदाजाने ठरे. चकमकीच्या बंदुकीने जळत्या वातीची गरज संपविली. कागदी काडतुसाने दारू मोजण्याची अडचण दूर केली. जाड कागदाची सुरळी करून तिच्या एका टोकाला शिशाची गोळी ठेवीत, उरलेल्या भागात मोजून दारू भरीत आणि टोक पिळून बंद करीत. अशी काडतुसे कातडी तोसदानात रचलेली असत.

बंदूक भरण्याची रीत ठरलेली होती. शिपाई काडतुसाचे टोक दातांनी तोडी. थोडी दारू चकमकीजवळच्या लहान पेल्यात टाकी आणि उरलेली नळीत ओती. मग गोळी आणि उरलेला कागद गजाने ठासून बसवी. चाप ओढताच गारगोटी पोलादावर आदळे, ठिणगी पेल्यातील दारूवर पडे आणि बारीक छिद्रातून आग नळीत जाई. तरबेज शिपाई एका मिनिटात तीन बार काढू शके. पाऊस किंवा दमट हवा मात्र या व्यवस्थेची शत्रू होती. कागद भिजला की काडतूस वाया जाई.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्या शब्दाबरोबर युद्धाची एक नवी शिस्तही आली. दातांनी काडतूस तोडणे हा त्या शिस्तीचा पहिला हुकूम होता. या साध्या कृतीत पुढे केवढे संकट दडलेले होते, याची त्या काळी कोणाला कल्पना नव्हती.

पुण्याचा कारभार

सवाई माधवराव पेशव्यांचे २७ ऑक्टोबर १७९५ रोजी निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. वारसाच्या प्रश्नावर नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन आणि दौलतराव शिंदे यांच्यात डावपेच सुरू झाले. मध्यंतरी काही महिने चिमाजी आप्पांना गादीवर बसविण्यात आले. अखेर १७९६ च्या डिसेंबरात दुसरे बाजीराव पेशवे झाले. ३१ डिसेंबर १७९७ रोजी शिंद्यांच्या नोकरीतील मिशेल फिलोज याने नाना फडणविसांना कैद केले. त्यानंतर कारभाराची सूत्रे अमृतरावांच्या हाती आली.

हा काळ पुण्याच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक काळ होता. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पगार थकला होता. तो भागविण्यासाठी त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातील सधन लोकांकडून बळजबरीने पैसा वसूल केला. कारभारी म्हणून अमृतराव या जुलमाला आवर घालू शकले नाहीत. त्यांच्याजवळ अधिकार होता, पण तो चालविण्यास लागणाऱ्या पलटणी शिंद्यांच्या होत्या.

१७९८ साली महादजी शिंद्यांच्या विधवांनी दौलतरावांविरुद्ध बंड पुकारले. या बायांनी अमृतरावांच्या छावणीचा आश्रय घेतला. घाटग्यांच्या पलटणींनी रात्री त्यांच्यावर छापा घातला, परंतु तो परतवून लावण्यात आला. त्यानंतर अमृतरावांचा तळ खडकीच्या पुलाजवळ नदीकाठी पडला. मोहरमच्या दिवसांत बंदोबस्ताच्या निमित्ताने घाटगे दोन कंपू आणि २५ तोफा घेऊन नदीजवळ आले आणि त्यांनी अचानक या तळावर भडिमार सुरू केला. अमृतरावांच्या लोकांची पांगापांग झाली आणि छावणी लुटली गेली. पेशव्यांच्या बंधूवर पेशव्यांच्याच राजधानीजवळ, पेशव्यांच्याच सरदाराच्या फौजेने केलेला हा हल्ला होता. राज्याची घडी किती विस्कटली होती, याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

खडकीचा हा परिसर पुढे दारूगोळ्याच्याच कारणाने प्रसिद्धीस आला. १८६९ साली ब्रिटिश सरकारने तेथे दारूगोळा कारखाना स्थापन केला.

हडपसरची लढाई

नाना फडणविसांची सुटका झाल्यावर अमृतराव कारभारातून बाजूला झाले. १३ मार्च १८०० रोजी नानांचे निधन झाले आणि बाजीरावांना सल्ला देणारा अनुभवी पुरुष उरला नाही. बाजीरावांचा थोरल्या भावावर विश्वास नव्हता. १८०१ च्या एप्रिलमध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. विठोजी हे अमृतरावांच्या नावाने फौज जमवीत आहेत, असा दरबाराचा आरोप होता. विठोजींचे बंधू यशवंतराव होळकर यांनी याचा सूड घेण्याचे ठरविले.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसर येथे होळकरांची फौज आणि शिंदे व पेशवे यांची एकत्रित फौज समोरासमोर आली. दोन्ही बाजूंना युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखालील पलटणी होत्या. दोन्हीकडचे शिपाई एकाच पद्धतीची काडतुसे तोडीत होते आणि एकाच तऱ्हेची कवायत करीत होते. शिंद्यांचा अधिकारी डॉस या लढाईत मारला गेला. यशवंतरावांनी स्वतः घोडदळाचे नेतृत्व करून विजय खेचून आणला. बाजीराव सिंहगडाकडे निघून गेले आणि तेथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असा प्रवास करीत वसईला इंग्रजांच्या आश्रयास पोहोचले.

यशवंतरावांना पुण्यात पेशव्यांच्या घराण्यातील कोणीतरी हवे होते. त्यांनी जुन्नरहून अमृतरावांना बोलावून घेतले. अमृतरावांनी कारभार पाहावा आणि त्यांचे पुत्र विनायकराव यांना पेशवेपद द्यावे, अशी योजना होती. त्यासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे मिळविण्याचे प्रयत्न झाले. परंतु इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज यांनी या व्यवस्थेला मान्यता दिली नाही आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुणे सोडले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावांनी वसईच्या तहावर सही केली. पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आधाराने परत मिळविण्याचा हा करार होता. एका परीने मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा तो शेवट होता.

इकडे होळकरांच्या फौजेचा खर्च पुण्यातील प्रजेकडून वसूल होत होता. या वसुलीत अतिशय जुलूम झाला. कारभारी या नात्याने त्याची जबाबदारी अमृतरावांवरही येते. त्यांच्या चरित्राचा विचार करताना ही बाजू नजरेआड करता येत नाही.

वेलस्लीची दौड

१८०३ च्या आरंभी यशवंतराव पुणे सोडून उत्तरेकडे वळले. अमृतराव थोड्या फौजेनिशी मागे राहिले. आर्थर वेलस्ली हे म्हैसूरकडून पुण्याच्या रोखाने येत होते. अमृतराव शहराला आग लावून जाणार आहेत, अशी बातमी त्यांच्या कानावर गेली. पायदळ मागे ठेवून ते घोडदळासह सुमारे ६० मैलांचे अंतर ३२ तासांत तोडून २० एप्रिल रोजी पुण्यात दाखल झाले. तोपर्यंत अमृतराव निघून गेले होते आणि शहर सुरक्षित होते. त्यांचा खरोखर तसा बेत होता काय, याविषयी इतिहासकारांनी शंका घेतली आहे. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले.

अमृतराव नाशिकच्या बाजूस गेले. समोर दोन मार्ग होते. शिंदे व भोसले यांना मिळून इंग्रजांशी लढणे हा एक आणि इंग्रजांशी तह करणे हा दुसरा. बाजीरावांकडून क्षमा मिळण्याची आशा नव्हती. विठोजींचे काय झाले, हे त्यांनी पाहिले होते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्रजांशी करार केला. त्याअन्वये त्यांना दरसाल सात लाख रुपयांचे उत्पन्न देण्याचे ठरले. त्याबदल्यात त्यांनी पुण्याच्या राजकारणातून कायमची निवृत्ती स्वीकारली. सप्टेंबरात असईची लढाई झाली आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींचा दक्षिणेतील दबदबा संपला.

या निर्णयाबद्दल अमृतरावांना दोष देणारे अनेक आहेत. ज्या घराण्याने अटकेपर्यंत स्वाऱ्या केल्या, त्या घराण्यातील पुरुषाने शत्रूची तनखा घ्यावी हे अनेकांना रुचले नाही. मात्र पंधरा वर्षांनी, १८१८ साली, बाजीरावांनीही आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताचा रस्ता धरला. थोरल्या भावाने जे आधी ओळखले, ते धाकट्याला राज्य गमावल्यावर कळले, असेही म्हणता येईल.

काशीतील वास्तव्य

अमृतरावांनी काशी ही आपली वास्तव्यभूमी निवडली. मराठ्यांना हे क्षेत्र परके नव्हते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले होते. नागपूरकर भोसल्यांचा घाट, पुढे बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला शिंदे घाट, यांसारख्या वास्तूंनी गंगेचा तीर मराठी नावांनी भरून गेला. दक्षिणी ब्राह्मणांची मोठी वस्ती तेथे होती. वेदपाठशाळा, अन्नछत्रे आणि यात्रेकरूंसाठी वाडे यांची सोय होती.

राजा घाटाच्या जागी पेशव्यांनी पूर्वी बांधलेला घाट होता. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमृतरावांनी तो दगडी आणि पक्का केला. वर वाडा, अन्नछत्र आणि शिवालये उभी राहिली. अमृतेश्वर, विनायकेश्वर ही तेथील शिवलिंगांची नावे पितापुत्रांची आठवण जतन करून आहेत. पेशवेपदाची वस्त्रे ज्याला मिळू शकली नाहीत, त्या मुलाचे नाव बापाने गंगेच्या काठी देवाशी जोडून ठेवले.

अमृतरावांचा दानधर्म काशीत विख्यात होता. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर १८२४ च्या सप्टेंबरमध्ये काशीत होते. त्यांच्या प्रवासवर्णनात या दानधर्माची नोंद आहे. वर्षातून एका ठरावीक दिवशी अमृतराव आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक ब्राह्मणाला आणि गरिबाला शेरभर तांदूळ व एक रुपया देत असत. हीबर काशीत असतानाच, ६ सप्टेंबर १८२४ रोजी, अमृतरावांचे निधन झाले. गंगेच्या तीरावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.

पेशवे घराण्याची दुसरी शाखाही काशीत होती. बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा येथेच येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे यांच्या घरी काशीतच मनकर्णिकेचा जन्म झाला. हीच मुलगी पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून इतिहासात अमर झाली.

काडतुसातील क्रांती

अमृतराव गंगेकाठी निवृत्तीचे आयुष्य कंठीत असताना युरोपात बंदुकीचे रूप पालटू लागले होते. अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाचा वापर करण्याचा हक्क मिळविला. त्यातून पुढे तांब्याची लहान टोपी आली आणि चकमक मागे पडली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या योहान सॅम्युएल पाउली या स्विस कारागिराने १८१२ साली गोळी, दारू आणि पेट घेणारा पदार्थ एकत्र असलेले काडतूस तयार केले. त्याच्या बुडाशी धातूचा भाग होता. आजच्या काडतुसाचा हा पूर्वज मानला जातो. मात्र त्या काळात त्याचा प्रसार झाला नाही.

पुढे फ्रान्समध्ये लफोशो यांनी १८३० च्या दशकात बाजूला खिळा असलेले काडतूस आणले. प्रशियात द्रायझे यांच्या सुईच्या बंदुकीने कागदी काडतूस मागच्या बाजूने भरण्याची सोय केली. फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास लहान धातूचे काडतूस बनविले. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांचे धातूचे काडतूस वापरणारे पहिले पिस्तूल १८५७ साली बाजारात आले. ज्या वर्षी हिंदुस्थानात कागदी काडतूस तोंडात धरण्यावरून वणवा पेटला, त्याच वर्षी ते तोंडात धरण्याची गरज संपविणारी वस्तू अमेरिकेत विकली जाऊ लागली होती, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

धातूच्या आवरणाचे महत्त्व केवळ दारू कोरडी ठेवण्यात नाही. बार उडताच आतील वायूच्या दाबाने पितळेचे आवरण फुगते आणि नळीच्या मागील कप्प्याला घट्ट बसते. त्यामुळे पेटलेला वायू मागे, म्हणजे शिपायाच्या तोंडावर येत नाही. दाब कमी होताच पितळ किंचित आकसते आणि रिकामे आवरण सहज बाहेर काढता येते. शिवाय उष्णतेचा काही भाग ते आपल्याबरोबर बाहेर नेते. हे काम कागदाला शक्य नव्हते. म्हणूनच मागून भरण्याच्या बंदुकीचा पूर्ण उपयोग धातूच्या काडतुसानंतरच होऊ शकला.

१८५३ आणि १८५७

अमृतरावांच्या पश्चात विनायकराव पेशवे झाले नाहीत, परंतु वडिलांची तनखा त्यांना मिळत राहिली. १८२९ पासून बुंदेलखंडातील चित्रकूटजवळचे करवी हे त्यांचे प्रमुख निवासस्थान बनले. तेथे त्यांनी मंदिरे, विहिरी आणि बागा बांधल्या. करवीचा गणेश बाग आजही त्याची साक्ष देतो. १८५३ साली विनायकरावांचे निधन झाले आणि कंपनी सरकारने तनखा बंद केली. नारायणराव व माधवराव हे त्यांचे दत्तक वारस होते.

१८५३ हे वर्ष अनेक अर्थांनी निर्णायक ठरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव मरण पावले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने नवी एन्फिल्ड रायफल स्वीकारली. तिच्या नळीला आतून आटे होते आणि गोळी लांबवर अचूक जात असे. गोळी सहज सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे. १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदम येथे ही चरबी गाईची व डुकराची असल्याची वार्ता पसरली. हिंदू आणि मुसलमान या दोन्ही धर्मांच्या शिपायांना ते काडतूस दातांनी तोडणे म्हणजे धर्मभ्रष्ट होणे वाटले.

सरकारने शिपायांना स्वतः तेल व मेण लावण्याची आणि काडतूस हाताने फाडण्याची मुभा दिली. परंतु उडालेला विश्वास परत आला नाही. नव्या कागदाच्या चकाकीवरूनही संशय घेतला जाऊ लागला. बहरामपूर, बराकपूर आणि मेरठ येथे शिपायांनी काडतुसे नाकारली. २९ मार्च रोजी बराकपुरात मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले आणि १० मे रोजी मेरठला उठाव झाला. ४ जून रोजी खुद्द काशीत पलटणींची हत्यारे काढून घेताना गोळीबार झाला. उठावाची कारणे अनेक होती. खालसा केलेली राज्ये, बंद केलेल्या तनखा आणि शेतसाऱ्याचा बोजा यांनी जमीन तापलेली होती. काडतूस ही तिच्यावर पडलेली ठिणगी होती.

करवीचा शेवट

उठावानंतर करवीत नारायणरावांचा अंमल सुरू झाला. सुमारे आठ महिने तेथे कंपनीची सत्ता नव्हती. १८५८ च्या एप्रिलमध्ये जनरल व्हिटलॉक यांनी बांद्याच्या नबाबाचा पराभव केला आणि ते करवीकडे वळले. ६ जून १८५८ रोजी करवीने प्रतिकार न करता शरणागती पत्करली. वाड्यात ४० हून अधिक तोफा, मोठा दारूगोळा आणि हजारो बंदुका सापडल्या. त्याशिवाय पेशवे घराण्याने तीन पिढ्या साठविलेली रोकड व जडजवाहीर हाती लागले.

ही लूट कोणाची, यावरून इंग्रजांच्याच फौजांत वाद झाला. लढाईत प्रत्यक्ष गुंतलेल्या इतर तुकड्यांनीही वाटा मागितला. अखेर हे प्रकरण लंडनच्या नौदल न्यायालयात गेले आणि १८६६ साली न्यायमूर्ती लशिंग्टन यांनी त्याचा निकाल दिला. बांदा आणि करवी येथील लुटीचा हा खटला इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासात आजही गणला जातो. नारायणराव हजारीबाग येथे कैदेतच १८६० साली मरण पावले. माधवराव लहान असल्याने त्यांना क्षमा करण्यात आली.

ज्या शांततेसाठी अमृतरावांनी पेशवाईचा हक्क सोडला, ती त्यांच्या नातवांच्या पिढीपर्यंत टिकली नाही. त्यांनी युद्धाकडे पाठ फिरविली होती, परंतु युद्ध त्यांच्या घराचा पत्ता विसरले नव्हते.

पितळेचे युग

उठावानंतर ब्रिटिश लष्कराने काडतुसात झपाट्याने बदल केले. १८६६ साली जुन्या एन्फिल्ड रायफली मागून भरण्याजोग्या करण्यात आल्या. त्यांच्यासाठी कर्नल बॉक्सर यांनी पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस तयार केले. त्याच सुमारास अमेरिकेचे बर्डन यांनी पेट घेणाऱ्या टोपीची दुसरी रचना काढली. पुढे एकसंध पितळेचे आवरण रूढ झाले. त्यासाठी साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरले जाते. पितळेच्या चकतीपासून वाटी करतात, ती टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात आणि मधूनमधून तापवून तिचा ठिसूळपणा घालवितात. धूरविरहित दारू १८८० च्या दशकात आल्यावर काडतूस लहान आणि अधिक शक्तिमान झाले.

दातांनी तोडण्याचा प्रश्न अशा रीतीने कायमचा मिटला. अविश्वास मात्र सरकारच्या बाजूने शिल्लक राहिला. हिंदी शिपायांना पुढे कित्येक वर्षे गोऱ्या शिपायांपेक्षा मागील पिढीची हत्यारे देण्यात आली.

महाराष्ट्राचा या उद्योगाशी संबंध आजही कायम आहे. खडकीचा १८६९ चा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना येथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ साली केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना केल्यानंतर हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले. तिचे मुख्यालय पुण्यातच आहे.

अमृतरावांना इतिहासाने मोठी जागा दिली नाही. पुण्यात त्यांच्या कारभाराची आठवण जुलमाशी जोडली गेली आणि इंग्रजांशी केलेल्या करारामुळे स्वजनांत त्यांचा गौरव झाला नाही. काशीत मात्र त्यांचे नाव वेगळ्या अर्थाने उरले आहे. तेथे ते तांदूळ आणि रुपया वाटणारे, भुकेल्यांना अन्न घालणारे आणि घाट बांधणारे गृहस्थ आहेत. ज्या तोफांनी खडकीला त्यांचा तळ उधळला त्या वितळून गेल्या, काडतुसांचे कागद जळून गेले आणि करवीचा खजिना परमुलखात वाटला गेला. गंगेचा पूर दरवर्षी राजा घाटाच्या पायऱ्या चढतो आणि उतरतो. पूर ओसरल्यावर गाळाखालून त्याच दगडी पायऱ्या पुन्हा वर येतात.